हायस्कूलची रोबोटिक्स टीम: किट नंतर, जॉबर आधी

आमच्या शाळेतल्या रोबोटिक्सच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली नेमकी कुणाकडे आहे हे शोधायला मला तीन दिवस लागले. कपाट उघडलं तर आत दोन किटं, जशी आली तशी पिशवीबंद. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद मात्र चोख. आधी ज्यांच्याकडे हा विभाग होता त्यांनी मुलांना हात लावू दिला नव्हता. एखादा पार्ट हरवला तर भरून कोण देणार, ही भीती.

मी इचलकरंजीतल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. चार वर्षांपूर्वी रोबोटिक्समधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता दर जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या शाळेतून फोन येतो, "बाई, कोणतं किट घ्यायचं?" हा प्रश्न पाचव्या पायरीवरचा आहे. आधीच्या चार पायऱ्या कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

एक खुलासा. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायची, सरकारी अनुदानातली लॅब) असेल तर तुम्ही आमच्यापेक्षा सुखी. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ साली ही योजना सुरू झाली. निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. आमच्याकडे ती लॅब नाही. पण लॅब असलेल्या शाळेतही कपाटाचं कुलूप तसंच असू शकतं, तेव्हा पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

१. पहिले सहा आठवडे काहीही विकत घेऊ नका

मुलांना मोडायला द्या. बिघडलेला प्रिंटर, डीव्हीडी प्लेअर, चावी हरवलेली खेळण्यातली गाडी, जुनं मिक्सर. भंगारवाल्याकडे किलोवर मिळतं, पालकांना सांगितलं तर फुकट येतं. प्रत्येक वस्तू उघडताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: वीज कुठून आत आली? काय फिरलं? आणि थांबायचं हे त्याला कसं कळलं?

तिसऱ्या प्रश्नावर मुलं अडतात आणि तिथेच खरं शिकणं सुरू होतं. प्रिंटरमधला कागद संपला हे प्रिंटरला कसं कळतं? आमच्या आठवीतल्या एकीने ते शोधलं. कागदाच्या वाटेत प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते. कागद आला की ती ढकलली जाते, आणि तिचं दुसरं टोक एका घोड्याच्या नालासारख्या काळ्या तुकड्याच्या फटीतून सरकतं. त्या फटीत एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला तो टिपणारा डोळा. पट्टी मध्ये आहे की नाही, एवढंच प्रिंटर बघतो. त्या दिवशी 'सेन्सर' हा शब्द मला शिकवावा लागला नाही.

सावधान: जुना डबा टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि कोणत्याही वस्तूचा पॉवर सप्लायचा भाग मुलांना उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. प्रिंटरमधला पॉवर सप्लाय आधी मोठ्या माणसाने काढून बाजूला ठेवावा.

२. मुलं निवडताना गुणपत्रिका बाजूला ठेवा

आमच्या पहिल्या टीममध्ये मी वर्गातले पहिले सहा घेतले. सगळ्यांनी प्रोग्रॅमिंग मागितलं, स्क्रू पिळायला कुणी तयार नाही. दुसऱ्या वर्षी सायकलची चेन स्वतः बसवणारा एक, चित्र चांगलं काढणारी एक, भांडण सोडवणारा एक अशी मोट बांधली आणि काम हललं.

आठवी-नववीतली मुलं घ्या. दहावीतल्यांना बोर्डाची धाकधूक असते, आणि फेब्रुवारी जवळ आला की पालक स्पर्धेचं नाव ऐकून घेत नाहीत. आठवीतलं मूल मात्र दोन वर्षं टिकतं आणि पुढच्यांना शिकवतं. मुलींच्या बाबतीत सरावाची वेळ हाच खरा अडसर असतो. आमच्याकडे बऱ्याच घरांत आई-वडील दोघंही बारा-बारा तासांच्या पाळीवर असतात, धाकट्या भावंडाला कोण बघणार हा प्रश्न असतो. मी घरी जाऊन बोलले आणि सराव संध्याकाळऐवजी शाळा भरण्याआधी घ्यायला लागले. मुलींची संख्या दोनावरून पाच झाली.

३. गावातला जाणकार शोधा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. 'आमच्या गावात कोण शिकवणार?' असं म्हणून शाळा पुण्या-मुंबईच्या एखाद्या क्लासला पैसे भरतात. तिथून एक मुलगा दोन दिवस येतो, तयार कोड घालून देतो, फोटो काढतो आणि जातो. तिसऱ्या दिवशी रोबो बंद पडला की मुलं त्याच्याकडे बघत बसतात.

पहिल्या वर्षी आमच्या रोबोचा हात ठोकळा उचलायचा आणि अर्ध्या वेळा पाडायचा. मुलं रोज कोडमधले आकडे बदलायची. एका मुलीचे आजोबा, सगळे त्यांना मामा म्हणतात, तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. मागाचं तंत्र बिघडलं की ते नीट करणारा माणूस म्हणजे जॉबर. ते तिला न्यायला आले होते. दारात उभं राहून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बाई, ह्ये पोरगं वेळ चुकवालंय. मुठ मिटायच्या आत हात वर चाललाय. धोटा पेटीत पोचायच्या आत फणी आली तर काय हुईल? धागं तुटत्यात की."

एवढं बोलून ते बाकावर बसले आणि खडूने फळ्यावर मागाचं एक चक्र काढलं. कधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन मधे फट पडते, कधी त्या फटीतून आडवा धागा नेणारा धोटा सुटतो, कधी फणी येऊन तो आडवा धागा, म्हणजे बाणा, ठोकते. मुलांनी शेजारी रोबोच्या हाताचं तसंच चक्र काढलं. मुठीच्या आणि हाताच्या हालचालींमध्ये अर्ध्या सेकंदाची उसंत ठेवली आणि ठोकळा पडायचा थांबला.

पुढच्या आठवड्यात मामांनी आम्हाला एका कारखान्यात नेलं. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. साध्या मागात त्यासाठी कॉम्प्युटर नाही, वीज नाही. एक बारीक काटा आहे, धागा असेल तर तो ढकलला जातो, नसेल तर अडकतो आणि माग बंद करतो. मुलांना प्रिंटरमधली पट्टी आठवली. डॉबीच्या, म्हणजे साधी नक्षी विणणाऱ्या, मागावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरते आणि त्यावर खुंट्या असतात. खुंटी आहे तिथे धाग्यांची चौकट उचलली जाते, नाही तिथे खाली राहते. 'जर-तर' शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ साली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवली, ती कल्पना पुढे कॉम्प्युटरपर्यंत आली, हे मी त्या आवाजात ओरडून सांगत होते. निम्मं कुणाला ऐकू आलं नसेल. (कारखान्यात नेताना: ओढण्या पिनअप, वेण्या वर बांधलेल्या, पायात बंद बूट, आणि एका वेळी सहापेक्षा जास्त मुलं नाहीत.)

तुमच्या गावात यंत्रमाग नसेल, पण यातलं कुणी ना कुणी असेलच:

- मोटर रिवायंडिंगवाला. मोटर का तापते आणि जळते का, हे त्याच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.
- गणपतीचे हलते देखावे करणारा कारागीर. गाडीची वायपर मोटर, सायकलची चेन आणि एक वाकडी चकती एवढ्यावर तो राक्षसाचं तोंड उघड-मिट करून दाखवतो. फिरणं सरळ रेषेतल्या हालचालीत कसं बदलायचं हा धडा त्याच्याकडे तयार आहे. फक्त श्रावणात जाऊ नका, त्याला मान वर करायला वेळ नसतो.
- आयटीआयचे फिटर आणि इलेक्ट्रिशियनचे निदेशक.
- साखर कारखान्यातले इन्स्ट्रुमेंटेशनचे लोक. दाब, तापमान, पातळी मोजणं हे त्यांचं रोजचं काम.
- साइनबोर्डवाला, ज्याच्याकडे ॲक्रिलिक कापायचं लेझर यंत्र आहे.
- इंजिनीअरिंग कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांची रोबो स्पर्धा) टीममधली मुलं. आशिया-पॅसिफिक पातळीवरची रोबोकॉन पुण्यात दोनदा झाली, २००८ आणि २०१४ साली. २००८ च्या खेळाचा विषय तर चक्क 'गोविंदा', म्हणजे दहीहंडी होता. ही मुलं आली की दंगा करतात, पण आपली मुलं त्यांना न घाबरता प्रश्न विचारतात.

बोलावताना एक चूक मी सुरुवातीला केली. "आमच्या टीमला मार्गदर्शन करा" असं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मार्गदर्शन म्हणजे भाषण, असं लोकांना वाटतं आणि ते बिचकतात. आता मी एकच नेमका प्रश्न आणि एकच तास मागते. नमुना देते, हवा तर तसाच वापरा:

"नमस्कार. आमच्या आठवी-नववीच्या मुलांनी एक छोटी गाडी बनवली आहे. तिची डावी मोटर उजवीपेक्षा जास्त तापते. शनिवारी सकाळी ९ ते १० या वेळेत आपण शाळेत येऊन बघाल का? भाषण नको, चहा आहे."

रिवायंडिंगवाले दादा पावणेनऊलाच हजर होते. चाकात केस आणि सुताचा गुंता होता.

एखादी जागा बघायची झाली तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो १९८३ साली हाताने काम करत शिकण्यासाठी सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (यंत्रं वापरून हवी ती वस्तू बनवून बघायची कार्यशाळा) एक २००२ साली तिथे उभी राहिली, खेड्यात. मुख्याध्यापकांना सहलीसाठी पटवायला एवढी माहिती पुरते.

४. पाया: कमी शिकवा, पण पक्कं

आता खरेदी. आमच्या पहिल्या सरावाच्या गाडीला लागलेली यादी अशी: आर्डुइनो उनो बोर्ड (गाडीचा मेंदू, प्रोग्रॅम यावर चढतो), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारा), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर बसवलेल्या छोट्या) आणि चाकं, दोन आयआर सेन्सर (काळं-पांढरं ओळखणारे), एक अल्ट्रासॉनिक सेन्सर (अंतर मोजणारा), दोन १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे) आणि त्यांचा होल्डर, सेलचा योग्य चार्जर, स्विच, जंपर वायर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि व्होल्टेज-करंट मोजणारा मल्टिमीटर. मल्टिमीटर दोन घ्या. दोन-तीनशे रुपयांचाही चालतो, पण एकच असेल तर त्यावर भांडणं होतात. हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ऑनलाइनवर विसंबू नका. आम्हाला एकदा सहा सेन्सरऐवजी सहा बझर आले होते.

यातले खड्डे, ज्यांत आम्ही सगळ्यांत आधी पडलो:

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दुकानदार हौसेने देतो. व्होल्ट बघून मुलांना वाटतं भरपूर आहे. मोटर सुरू होताना लागणारा करंट ती देऊच शकत नाही. मोटर चालू केली की व्होल्टेज कोसळतं, बोर्डाचा दिवा लुकलुकतो, बोर्ड रीसेट होतो, गाडी दोन बोटं सरकते आणि थांबते, पुन्हा सरकते. आमची मुलं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत होती. मल्टिमीटर लावून मोटर चालू करायला सांगितलं, आकडा घसरताना डोळ्यांनी दिसला आणि विषय संपला. करंट आणि व्होल्टेजमधला फरक पाठ्यपुस्तकातून कळला नव्हता तो असा कळला.

ग्राउंड न जोडणं. मोटरची बॅटरी वेगळी, बोर्डाची वेगळी असेल तरी दोन्हींचे ऋण टोक एकमेकांना जोडावंच लागतं. नाहीतर बोर्डाने दिलेला इशारा ड्रायव्हरला कळत नाही किंवा तो भलतंच समजतो.

एल२९८एन व्होल्टेज खातो. साधारण दोन व्होल्ट. दोन सेलचे ७.४ दिले तर मोटरपर्यंत साडेपाचच्या आसपास पोचतात. गाडी मंद चालते म्हणून मोटर बदलायच्या आधी हे तपासा.

बोर्ड कॉम्प्युटरला दिसत नाही. दोनच कारणं बहुतेक वेळा. एक, केबल फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. दोन, स्वस्त बोर्डावर सीएच३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर (हा मोटरचा नव्हे, सॉफ्टवेअरचा) कॉम्प्युटरवर टाकावा लागतो. आणि शून्य व एक नंबरच्या पिनांना काहीही जोडू नका, प्रोग्रॅम चढवताना त्या लागतात.

१८६५० सेल. याबाबत मी कडक आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट, तीनच्या खाली कधी उतरू द्यायचा नाही. सेलवर थेट सोल्डर करायचं नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वापरायचे नाहीत, कितीही फुकट मिळोत. सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचे नाहीत. चार्जिंग मोठ्या माणसासमोर. विमानाने जायची वेळ आली तर सुटे सेल हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, सामानात टाकता येत नाहीत.

प्रोग्रॅमिंगबद्दल एकच नियम: कोड लिहिण्याआधी मुलाने तो मराठीत तोंडी सांगायचा. "डाव्या सेन्सरला काळं दिसलं तर डावी मोटर थांबव, उजवी चालू ठेव." हे सांगता आलं नाही तर कीबोर्ड मिळणार नाही. इंग्रजीची भीती निम्मी इथेच जाते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रॅमिंगच्या काही मालिका मराठी आवाजात आहेत, मोफत. शब्दांचं मराठीकरण करण्याच्या फंदात मी पडत नाही. मोटर ही मोटरच. समज मराठीतून आली की झालं.

५. स्पर्धा निवडा, आणि नियम मोठ्याने वाचा

आता त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर: किट स्पर्धेवर अवलंबून असतं, म्हणून आधी स्पर्धा ठरवा.

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून चालू आहे, २०१६ ची जागतिक फेरी दिल्लीत झाली होती. त्यातल्या रोबोमिशन प्रकारात दोन किंवा तीन मुलांची टीम, दोन मिनिटांची फेरी, रोबो सुरुवातीला २५ सेंटिमीटरच्या घनात मावणारा आणि पूर्ण स्वयंचलित. स्पर्धेच्या सकाळी एक अनपेक्षित नियम जाहीर होतो आणि तो मुलांनीच सोडवायचा असतो. पाठ केलेला कोड घेऊन आलेली टीम तिथेच उघडी पडते.

फर्स्ट टेक चॅलेंज वेगळी. १२ ते १८ वर्षांची, जास्तीत जास्त १५ मुलं, १२ बाय १२ फुटांचं मैदान, सुरुवातीला १८ इंचांच्या घनात मावणारा रोबो. पहिली ३० सेकंदं रोबो स्वतः चालतो, नंतरची दोन मिनिटं मुलं चालवतात. दोन टीम मिळून एक बाजू, त्यामुळे आज जो सोबती तो पुढच्या फेरीत समोर. दर सप्टेंबरात नवा खेळ येतो. टीमने गावात काय काम केलं, कुणाकुणाकडून शिकली, याचीही परीक्षक दखल घेतात, आणि तिथे जॉबरमामांची गोष्ट ठोकळ्यांपेक्षा जास्त कामाला येते. पण खर्च मोठा आहे, साहित्य बरंचसं परदेशी. पहिल्याच वर्षी याच्या वाटेला जाऊ नका.

पहिलं वर्ष जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या महोत्सवातल्या लाइन फॉलोअर, म्हणजे रेषेवरून गाडी चालवायच्या, स्पर्धेत काढा. हरायला स्वस्त पडतं.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत असतं आणि मुलं ते वाचत नाहीत, चित्रं बघतात. आम्ही रोज दोन पानं मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक नियमाचा एकेक वाक्यात मराठी अर्थ भिंतीवर लावतो.

६. चटई: फ्लेक्सवाल्याशी मैत्री

ऑलिम्पियाडमध्ये रोबो ज्या छापील चटईवर चालतो तिचं माप २३६२ बाय ११४३ मिलिमीटर, म्हणजे साधारण पावणेआठ बाय पावणेचार फूट. फाइल उतरवून घ्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्याकडे द्या. एकोणतीस चौरस फुटांचे पैसे होतात. तीन गोष्टी बजावून सांगा.

एक, माप ताणायचं नाही. आमच्या फ्लेक्सवाल्याने रोल जरा रुंद आहे म्हणून चित्र प्रेमाने 'फुल' बसवलं. महिनाभर आम्ही चुकीच्या चटईवर सराव केला आणि स्पर्धेत रोबो प्रत्येक वळणावर थोडा थोडा पुढे जात राहिला. छापून झाल्यावर तिथेच उभं राहून टेपने मोजा. दोन, चकचकीत नको, मॅट हवं. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर दिव्याचा प्रकाश सेन्सरमध्ये जातो. तीन, गुंडाळून द्या, घडी घालून नाही. घडीच्या रेषेवर चाक उडी मारतं.

७. पैसे आणि कागद

पैशाच्या आधी वस्तू मागा. एका सूत व्यापाऱ्याने पाच हजार रुपये द्यायला तीन महिने लावले, पण त्यांच्याच गोदामातलं जुनं टेबल त्याच दिवशी टेम्पोने पाठवलं. टेबल, पंखा, जुना लॅपटॉप, प्रवासाची गाडी, दुपारचं जेवण हे लोक पटकन देतात.

रोख रक्कम स्वतःच्या खात्यावर किंवा मोबाइलवर घेऊ नका. कितीही घाई असो. शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यावर, पावती देऊन. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावा लागतो आणि त्यात शिक्षण बसतं. पण त्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याची, १२ए आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असावी लागते, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्जाची नोंदणीही. संस्थेच्या लेखापालांना आधी विचारा, मगच कंपनीच्या दारात जा.

फाइलमध्ये हे कागद वर्षाच्या सुरुवातीलाच लावून ठेवा:

- मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र, त्यात 'साहित्य वापरताना होणारी नैसर्गिक मोडतोड शाळेला मान्य आहे' हे वाक्य (कपाटाचं कुलूप खरं याच वाक्याने उघडतं)
- प्रत्येक मुलाचं बोनाफाइड
- वयाच्या पुराव्याची प्रत
- पालकांचं संमतीपत्र, प्रवासाचं वेगळं आणि फोटोचं वेगळं
- मुलाचं आजारपण किंवा ॲलर्जी असल्यास त्याची नोंद आणि पालकांचा दुसरा फोन नंबर
- सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावं. मुली असतील तर एक शिक्षिका हवीच.
- साहित्याची यादी, डेडस्टॉक आणि खर्ची पडणारं अशी वेगवेगळी. वायर, सेल, मोटर हे खर्ची पडणाऱ्यात घाला, नाहीतर जळलेली मोटरही वर्षानुवर्षं जपून ठेवावी लागते.

८. एक जाड वही

रोज शेवटची दहा मिनिटं. काय केलं, काय बिघडलं, कशामुळे वाटतं, उद्या काय. बिघडलेलं लिहिताना मुलं लाजतात, म्हणून पहिली नोंद मी स्वतः केली: "बाईंनी धन-ऋण उलटं जोडलं. ड्रायव्हर जळला. वास आला." परीक्षकांनी आमची वही चाळताना नेमकं तेच पान उघडलं आणि हसले.

९. स्पर्धेचा दिवस

आदल्या दिवशी पोचा. आम्ही एकदा पहाटेच्या एसटीने निघालो, मुलं उलट्या करत पोचली.

उन्हाची गोष्ट सांगते. आमची गाडी शाळेच्या ट्यूबलाइटखाली डोळे झाकून रेषेवर चालायची. स्पर्धेच्या सभागृहाला पश्चिमेला मोठ्या काचा. दुपारी तीननंतर ऊन चटईवर आलं आणि गाडी वेड्यासारखी भरकटली. आयआर सेन्सर ज्या अदृश्य किरणांवर चालतो ते उन्हात भरपूर असतात, सेन्सरला सगळीकडे पांढरंच दिसतं. तेव्हापासून सेन्सरभोवती काळ्या चार्ट पेपरचं आवरण असतं, आणि मैदानावर गेल्यावर पहिलं काम म्हणजे तिथल्या प्रकाशात काळ्या-पांढऱ्याचे आकडे नव्याने घेणं. ते आकडे घेणारा प्रोग्रॅम वेगळा तयार ठेवा. सराव करताना एक दिवस खिडकीत, एक दिवस व्हरांड्यात घ्या.

पेटीत हे असू द्या: एक्स्टेन्शन बोर्ड, दोन जादा केबल, जादा मोटर आणि ड्रायव्हर, मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप, झिप टाय, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, सगळा कोड भरलेला पेन ड्राइव्ह. शिवाय चिवडा.

शिक्षकांना स्पर्धेच्या जागेत सहसा सोडत नाहीत. कठड्याबाहेरून खुणा करू नका. मी केल्या होत्या, टीमला ताकीद मिळाली आणि मुलं संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

शेजारच्या टीमने चार्जर मागितला तर द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवा. पुढच्या वर्षी आम्हीच त्यांच्याकडे ड्रायव्हर मागायला गेलो.

१०. गावाला दाखवा

हरलात तरी दाखवा. आम्ही गणेशोत्सवात एका मंडळाच्या मंडपात कोपरा मागितला. आरतीनंतर अर्धा तास. रोबो ठोकळा उचलतो, रेषेवर चालतो, पडतो. मूल पडण्याचं कारण मराठीत सांगतं. लोक थांबतात, कारण पडणं सगळ्यांना कळतं. पहिल्या वर्षी त्या कोपऱ्यातून आम्हाला दोन जुने लॅपटॉप, एक निवृत्त वायरमन आणि आठवीत येणाऱ्या सहा मुलांची नावं मिळाली.

मामांना पुढे बसवा. ज्यांनी एक तास दिला त्या प्रत्येकाचं नाव पुठ्ठ्यावर लिहून रोबोच्या शेजारी ठेवा. रिवायंडिंगवाल्या दादांनी स्वतःच्या नावाचा फोटो काढून दुकानात लावलाय.

मे महिन्याच्या सुट्टीआधी एवढं करा: सेल रोबोतून काढा, साधारण ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवा, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे नकोत. प्रत्येक खोक्यावर आत काय चालू आणि काय बंद आहे ते लिहा. नववीतून दहावीत जाणाऱ्यांनी आठवीतल्यांना वही वाचून दाखवायची. आणि कपाटाच्या दोन किल्ल्या करून घ्या. आमची एक माझ्या पर्समध्ये असते, दुसरी शिपाईमामांकडे, आणि मुलांना दोन्ही ठिकाणं माहीत आहेत.